डिझेल नावाचा माणूस

काही माणसांची नावे इतकी रोजच्या वापरात येतात, की त्या नावामागे एकेकाळी हाडामांसाचा माणूस होता हे कुणाच्या ध्यानातही राहत नाही. पंपावर गाडी उभी करून आपण डिझेल टाका म्हणतो. एस.टी.च्या डेपोत डिझेलचा टँकर येतो, डिझेलचे भाव वाढले की भाजी महागते, आणि आगगाडीचे डिझेल इंजिन गेले की रूळाकाठची पोरे हात हलवतात. एवढ्या साऱ्या ठिकाणी ज्याचे नाव दिवसातून कितीतरी वेळा घेतले जाते, तो रुडॉल्फ डिझेल कोण, कुठला, आणि त्याचे पुढे काय झाले, हे विचारले तर शंभरात दोघे-तिघे सांगतील. ज्याच्या नावाने साऱ्या जगाची मालवाहतूक चालते, तो माणूस एका रात्री बोटीवरून नाहीसा झाला, आणि त्याच्या घरच्यांच्या हाती अंत्यविधीसाठी देहसुद्धा आला नाही.

गाडी घ्यायची ठरली की आपल्याकडे घरोघरी पहिला प्रश्न निघतो तो पेट्रोल घ्यावी की डिझेल, हा. या प्रश्नावर वडीलधारी मंडळी हिरीरीने भांडतात, शेजारी आपले अनुभव सांगतात, मेकॅनिकचा कौल घेतला जातो. मी काही इंजिनिअर नव्हे. पण या वादात पडण्याआधी त्या माणसाची गोष्ट ठाऊक असावी, असे मला वाटते. कारण या प्रश्नाचे निम्मे उत्तर त्याच्या आयुष्यातच सापडते.

रुडॉल्फचा जन्म १८ मार्च १८५८ चा, पॅरिसमधला. आईवडील मात्र जर्मन, बव्हेरियाकडचे. वडील थिओडोर हे मूळचे पुस्तकबांधणी करणारे कारागीर. पॅरिसमध्ये ते चामड्याच्या वस्तू बनवत. मिळकत बेताची, घरात तीन मुले. तयार झालेला माल ढकलगाडीवर घालून गिऱ्हाइकांकडे पोचवायचे काम पोरगेल्या रुडॉल्फकडे असे. सवड मिळाली की हा मुलगा पॅरिसमधल्या यंत्रांच्या संग्रहालयात जाऊन बसे. अठराव्या शतकात कून्यो नावाच्या फ्रेंच माणसाने केलेली वाफेची अवजड गाडी तिथे ठेवली होती, ती आजही तिथे आहे. तिच्यासमोर हा तासन् तास उभा राही.

१८७० मध्ये फ्रान्स आणि प्रशिया यांच्यात युद्ध पेटले आणि पॅरिसमधले जर्मन लोक रातोरात परके झाले. डिझेल कुटुंबाला चंबूगबाळे आवरून लंडनला जावे लागले. तिथे पोटापाण्याचे हाल. अखेर बारा वर्षांच्या रुडॉल्फला आईने जर्मनीत ऑग्सबर्गला नातेवाइकांकडे धाडले. त्या घरातले यजमान बार्निकेल गणिताचे शिक्षक होते. आईवडिलांपासून दूर, दुसऱ्याच्या घरी राहणारे मूल एक तर बिघडते, नाही तर अकाली प्रौढ होते. रुडॉल्फ प्रौढ झाला. चौदाव्या वर्षीच त्याने आईवडिलांना पत्र लिहून इंजिनिअर होणार असल्याचे कळवून टाकले. पुढे शिष्यवृत्ती मिळवून तो म्युनिकच्या पॉलिटेक्निकमध्ये गेला. परीक्षेच्या सुमारास विषमज्वराने गाठले म्हणून एक संधी हुकली, पण जानेवारी १८८० मध्ये तो उत्तम गुणांनी उत्तीर्ण झाला.

म्युनिकला त्याचे शिक्षक होते कार्ल फॉन लिंडे. शीतयंत्रांच्या इतिहासात ज्यांचे नाव आदराने घेतले जाते, तेच हे लिंडे. वाफेचे इंजिन कोळशातली नव्वद टक्क्यांहून अधिक उष्णता वायाच घालवते, हे त्यांनी वर्गात आकडे मांडून दाखवले. शंभर रुपयांचा कोळसा जाळावा आणि जेमतेम सात-आठ रुपयांचे काम पदरात पडावे, ही उधळपट्टी त्या गरीब घरातल्या मुलाच्या मनाला फार लागली. तेव्हापासून ही गळती थांबवणारे इंजिन करायचे, हा एकच ध्यास त्याने घेतला. पोटासाठी त्याने लिंडे यांच्याच बर्फाच्या धंद्यात पॅरिसला नोकरी धरली. १८८३ मध्ये मार्था फ्लाशे हिच्याशी लग्न झाले, तीन मुले झाली. दिवसा बर्फाचे काम आणि उरलेल्या वेळात उष्णतेचा विचार, असा हा विलक्षण संसार. अमोनियाच्या वाफेवर इंजिन चालवण्यात त्याने काही वर्षे घालवली, पण त्यातून काही निष्पन्न झाले नाही.

मग त्याला वाट सापडली ती हवेत. सायकलच्या चाकात जोराने हवा भरताना पंपाची नळी गरम होते, हे आपण सर्वांनी अनुभवले आहे. हवा दाबली की तापते. ती पुरेशी दाबली, मूळ जागेच्या पंधराव्या-विसाव्या हिश्शात कोंबली, तर तिचे तापमान पाचशे अंशांच्याही वर जाते. अशा हवेत तेलाचा बारीक फवारा सोडला की ते आपोआप पेटते. ठिणगी नको, वात नको, काडी नको. पेट्रोलच्या इंजिनात तसे नसते. १८७६ मध्ये निकोलाउस ऑटो या जर्मन माणसानेच चार फेऱ्यांचे जे इंजिन यशस्वी केले, त्यात हवा आणि इंधन यांचे मिश्रण एकत्रच दाबले जाते आणि मग ठिणगी पाडून पेटवले जाते. हे मिश्रण फार दाबले तर वेळेआधीच पेट घेते, इंजिन नॉकिंग करू लागते. म्हणून पेट्रोलच्या इंजिनाला दाबण्याची मर्यादा दहापटीच्या आसपासच पडते. डिझेलच्या इंजिनात दाबायची ती नुसती हवा, त्यामुळे ही अडचण नाही. आणि जितके अधिक दाबावे, तितके त्याच उष्णतेतून अधिक काम निघते. डिझेलची गाडी लिटरमागे जास्त का पळते, याचे मुख्य कारण हे. दुसरे असे, की डिझेल पेट्रोलपेक्षा दाट असते आणि त्याच्या एका लिटरात ऊर्जाही दहाएक टक्क्यांनी अधिक असते. पण एवढा दाब सोसायचा तर इंजिन दणकट हवे, म्हणून ते जड होते, महाग होते आणि आवाजही अधिक करते. दोन्ही बाजू अशा एकाच मुळातून निघालेल्या आहेत.

हे इंजिन रुडॉल्फला कुणासाठी हवे होते, तेही सांगायला हवे. वाफेचे इंजिन म्हणजे बॉयलर, धुराडे, कोळशाचे ढीग. ते परवडणार बड्या कारखानदाराला. लहान कारागीर त्यापुढे टिकत नव्हता, देशोधडीला लागत होता. आपल्या बापाची कारागिरी आणि ओढाताण ज्याने पाहिली होती, त्या मुलाला विणकर, सुतार, छापखानेवाला अशा माणसाच्या कोपऱ्यात मावेल आणि थोडक्या तेलावर चालेल असे यंत्र द्यायचे होते. पुढे १९०३ मध्ये कामगारांनी एकत्र येऊन उद्योग कसे चालवावेत यावर त्याने एक पुस्तकही लिहिले. ते फारसे कुणी वाचले नाही. त्याला स्वतःला मात्र इंजिनाइतकेच ते महत्त्वाचे वाटे.

फेब्रुवारी १८९३ मध्ये त्याला पेटंट मिळाले. ऑग्सबर्गच्या यंत्रकारखान्याचे प्रमुख हाइन्रिख फॉन बुट्स आणि पोलादवाले क्रुप यांनी पैशांचे पाठबळ दिले. १० ऑगस्ट १८९३ रोजी पहिली चाचणी झाली. सिलिंडरमध्ये इंधन शिरताच मोठा स्फोट झाला आणि दाब मोजायचे उपकरणच फुटून उडाले. रुडॉल्फ थोडक्यात बचावला. दुसरा कुणी असता तर गाशा गुंडाळता. याला आनंद झाला, कारण ठिणगीशिवाय इंधन पेटते हे तर सिद्ध झाले होते. १७ फेब्रुवारी १८९४ रोजी ते इंजिन प्रथमच स्वतःच्या बळावर सुमारे एक मिनिट फिरले. आणखी तीन वर्षे मोडतोड आणि दुरुस्ती चालली. फेब्रुवारी १८९७ मध्ये प्राध्यापक श्रोटर यांनी रीतसर मोजमाप घेतले, तेव्हा इंधनातल्या उष्णतेपैकी २६.२ टक्के कामी येत असल्याचे दिसले. त्या वेळच्या जगातली कोणतीही उष्णतेवर चालणारी मशीन इतकी काटकसरी नव्हती.

मग पैशाचा आणि कीर्तीचा पाऊस पडला. देशोदेशीचे उद्योगपती हक्क विकत घ्यायला धावले. अमेरिकेतून मद्याच्या धंद्यातले अडॉल्फस बुश आले, रशियासाठी नोबेल घराण्यातले इमॅन्युएल नोबेल आले. चाळिशीतच रुडॉल्फ कोट्यधीश झाला. म्युनिकमध्ये त्याने राजवाड्यासारखा बंगला बांधला. १९०० च्या पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात त्याच्या इंजिनाला सर्वोच्च पारितोषिक मिळाले. ज्या शहरातून बारा वर्षांच्या पोराला घरच्यांसह हाकलले गेले होते, त्याच शहरात हा मान. त्याच प्रदर्शनात एक छोटे डिझेल इंजिन चक्क शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवले गेले. फ्रेंच सरकारला आफ्रिकेतल्या वसाहतींत पिकणाऱ्या भुईमुगाचा उपयोग करून पाहायचा होता. खनिज तेल नसलेल्या देशांना उद्या शेतातले तेल तारून नेईल, असा विचार रुडॉल्फने १९१२ मध्ये मांडला होता.

पण उष्णतेच्या प्रत्येक अंशाचा हिशेब ठेवणाऱ्या या माणसाला पैशाचा हिशेब कधी जमला नाही. सुरुवातीची इंजिने गिऱ्हाइकांकडे जाऊन बंद पडू लागली. पेटंटवरून वाद आणि कज्जे सुरू झाले, शोध खरा कुणाचा यावर पंडितांनी टीकेची झोड उठवली. १८९८ मध्येच अतिश्रमाने त्याची प्रकृती ढासळली होती आणि त्याला काही काळ आरोग्यधामात राहावे लागले होते. डोकेदुखी कायमची मागे लागली. जमिनींच्या खरेदीत आणि इतर व्यवहारांत लाखो मार्क बुडाले. बाहेर मान वाढत होता आणि आत घर पोखरत होते. १९१२ मध्ये सेलँडिया हे डिझेल इंजिनांवर चालणारे डॅनिश जहाज महासागर ओलांडून गेले आणि साऱ्या जगाने तोंडात बोट घातले. त्याच सुमारास या इंजिनाचा कर्ता देणेकऱ्यांची तोंडे चुकवत होता. घरात मात्र त्याने कुणाला त्याची दाद लागू दिली नाही.

२९ सप्टेंबर १९१३. इंग्लंडमधल्या डिझेल कंपनीच्या बैठकीसाठी रुडॉल्फ अँटवर्पहून ड्रेस्डेन नावाच्या बोटीवर चढला. बरोबर दोन सहकारी होते. रात्री तिघे जेवले, डेकवर फिरले, गप्पा झाल्या. दहाच्या सुमारास सकाळी सव्वासहाला उठवायला सांगून तो आपल्या केबिनमध्ये गेला. सकाळी केबिन रिकामी होती. बिछान्यावर झोपल्याची खूण नव्हती, रात्रीचे कपडे तसेच मांडून ठेवलेले, घड्याळ बिछान्यातून दिसेल असे टांगलेले. डेकच्या कठड्यापाशी त्याची टोपी आणि नीट घडी केलेला कोट सापडला. दहाएक दिवसांनी एका डच बोटीच्या खलाशांना समुद्रात एक मृतदेह दिसला. तो ठेवून घेण्याजोगा नव्हता. खिशातल्या वस्तू काढून घेऊन त्यांनी देह पुन्हा समुद्राच्या स्वाधीन केला. चष्म्याचे घर, पाकीट, चाकू, गोळ्यांची डबी अशा त्या वस्तू मुलाने, ऑयगेनने ओळखल्या.

निघण्यापूर्वी रुडॉल्फने पत्नीला एक बॅग दिली होती आणि ती आठवडाभराने उघडायला सांगितले होते. बॅगेत वीस हजार मार्क रोख निघाले, आणि खाती जवळपास रिकामी असल्याचे दाखवणारे बँकेचे कागद. त्याच्या रोजनिशीत २९ सप्टेंबरच्या तारखेपुढे फुली मारलेली होती. इतके असूनही तर्कवितर्क थांबले नाहीत. महायुद्ध तोंडावर होते, पाणबुड्यांना डिझेल इंजिने हवी होती आणि तो इंग्लंडला निघाला होता, म्हणून हेरांनी काटा काढला, असे कुणी म्हणाले. कुणी तेलवाल्यांकडे बोट दाखवले. पुरावा कशालाच नाही. मला ती बॅग वाचल्यावर मार्थाबाईंची आठवण येत राहते. तीस वर्षांच्या संसारात ज्याने कधी अडचण बोलून दाखवली नाही, त्याने ती शेवटी बॅगेत भरून ठेवली. एवढ्या मोठ्या बुद्धीच्या माणसाला घरात तोंड उघडणे का जमू नये? आपल्या ओळखीतही असे कर्ते पुरुष असतात. वेळीच त्यांच्याशी बोलले पाहिजे.

मोटारीतले डिझेल इंजिन त्याला बघायला मिळालेच नाही. त्याच्या इंजिनात तेलाचा फवारा उडवायला दाबलेली हवा लागे आणि त्यासाठी वेगळा अवजड कॉम्प्रेसर जोडावा लागे. तो मोटारीत मावणार कसा? १९२७ पासून बॉश कंपनीचे इंधनपंप मोठ्या संख्येने निघू लागले, तेव्हा ही अडचण दूर झाली. १९३६ मध्ये मर्सिडीज-बेंझची २६० डी ही मोटार विक्रीला आली. रुडॉल्फ जाऊन तेव्हा तेवीस वर्षे झाली होती.

लहान माणसाच्या हाती शक्ती द्यायचे त्याचे स्वप्न मात्र एका ठिकाणी खरे झालेले मी डोळ्यांनी पाहिले आहे. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी मळ्याच्या विहिरीवर ऑइल इंजिन होते. सातारा रोडच्या कूपरांनी आणि पुढे किर्लोस्करांनी बनवलेली अशी इंजिने महाराष्ट्रभर गेली. आमचे आजोबा वरची खिट्टी उचलून धरायचे, हँडल गरागरा फिरवायचे, चाकाने वेग धरला की खिट्टी सोडून द्यायचे, आणि मग ते टुकटुक टुकटुक सुरू व्हायचे. पाट वाहू लागायचा. मोट ओढणाऱ्या बैलांची आणि बैलांमागच्या माणसाची त्या इंजिनाने सुटका केली. तेच इंजिन सुगीनंतर गुऱ्हाळावर जाई, पिठाच्या गिरणीला जोडले जाई. वीज येण्याच्या आधीची ती वीज होती. ऑग्सबर्गच्या त्या कारागिराच्या मुलाला हे दृश्य दाखवता आले असते, तर त्याला सेलँडियापेक्षा ते अधिक आवडले असते, असे मला वाटते.

आता मोटारींकडे वळू. आपल्याकडे डिझेल अनेक वर्षे सरकारने स्वस्त ठेवले, कारण त्यावर शेती आणि मालवाहतूक चालते. त्याचा लाभ मोटारवाल्यांनीही उठवला. १९९८ च्या अखेरीस पुण्याची इंडिका आली, तीही डिझेलचा बोलबाला घेऊनच. पेट्रोलचे दर २०१० मध्ये आणि डिझेलचे ऑक्टोबर २०१४ मध्ये नियंत्रणमुक्त झाले आणि दोहोंतला फरक आटत गेला. एप्रिल २०२० पासून प्रदूषणाचे भारत स्टेज सहाचे कडक नियम लागू झाले. ते पाळायचे तर डिझेलच्या इंजिनाला महागडी साधने जोडावी लागतात. त्यामुळे मारुतीसारख्या कंपनीने डिझेल मोटारी करणेच सोडून दिले.

माझ्या पुतण्याने गाडी घेताना विचारले तेव्हा मी त्याला कागद-पेन्सिल घ्यायला लावली. समजा, डिझेलची गाडी एक लाखाने महाग आहे. समजा, पेट्रोलला किलोमीटरमागे सात रुपये पडतात आणि डिझेलला पाच. म्हणजे किलोमीटरला दोन रुपये वाचले. एक लाख वसूल व्हायला पन्नास हजार किलोमीटर पळावे लागेल. महिन्याला पाचशे किलोमीटर फिरणाऱ्याला त्यासाठी आठ वर्षांहून अधिक काळ लागेल, दोन हजार फिरणाऱ्याला जेमतेम दोन वर्षे. आकडे आपापल्या गाडीचे घालावेत, रीत हीच. शिवाय नव्या डिझेल गाड्यांत काजळी अडवणारी गाळणी असते. ती साफ राहायला गाडी अधूनमधून हमरस्त्यावर सलग धावावी लागते. रोज दोन किलोमीटरवरच्या बाजारात आणि शाळेत जाणाऱ्याची गाळणी तुंबते आणि खर्च वाढतो. म्हणून गावात थोडे फिरणाऱ्याने पेट्रोल घ्यावे. रोज लांब जाणाऱ्याने, घाट चढणाऱ्याने, ओझे वाहणाऱ्याने डिझेलचा विचार जरूर करावा. पुतण्याने हिशेब करून पेट्रोल घेतली.

पण हा हिशेब तरी पुरा आहे का? डिझेलचा धूर माणसात कर्करोग उत्पन्न करतो, असा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने जून २०१२ मध्ये दिला. सप्टेंबर २०१५ मध्ये फोक्सवॅगन या जर्मन कंपनीची लबाडी उघडकीस आली. चाचणीच्या वेळी गाडी स्वच्छ धूर सोडी आणि रस्त्यावर मात्र कितीतरी अधिक विषारी वायू. जगभरात अशा सुमारे एक कोटी दहा लाख गाड्या निघाल्या. रुडॉल्फच्या देशातच त्याच्या इंजिनाचे नाव असे बदनाम झाले. पेट्रोलही काही गंगाजळ नव्हे. त्याचा कर्बवायू लिटरमागे थोडा कमी असला, तरी गाडी लिटरला कमी पळते. आणि शेतातल्या इंधनाची रुडॉल्फची कल्पना आपल्याकडे आली, तीही पेट्रोलच्या वाटेने. २०२५ मध्ये देशातल्या पेट्रोलमध्ये इथेनॉलचे प्रमाण वीस टक्क्यांवर गेले, आणि त्यातले पुष्कळसे इथेनॉल आपल्या उसाचे आहे. शेंगदाण्याच्या जागी ऊस आला, एवढेच.

रुडॉल्फ डिझेलने आयुष्यभर एकच प्रश्न विचारला, की आपण जे जाळतो त्यातले किती कामी येते आणि किती फुकट जाते. गाडी पेट्रोलची घ्या, डिझेलची घ्या, नाही तर आता विजेवरची घ्या. दुकानदाराने सांगितलेल्या मायलेजवर विसंबून न राहता हा प्रश्न आपणही विचारावा. गाडीला किती पडते ते पाहावे, धूर कुणाच्या नाकात जातो तेही पाहावे, आणि जिथे चालत जाता येते तिथे चालत जावे. त्या प्रवासाला ना पेट्रोल लागत, ना डिझेल.